एका पानाचा आराखडा: वजन उचलायला शिकणाऱ्यांसाठी प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

घरातली तीन माणसं एकाच वेळी वजन उचलायला शिकणार आहेत: माझा थोरला भाऊ (वय ४६), त्याची मुलगी (२२) आणि माझी मावशी (६७). या निमित्ताने नवशिक्याच्या हातात देता येईल असं एक पान तयार करायचं आहे. घडी करून खिशात मावणारं, आणि वाचून माणसाला आजच्या आज सुरुवात करता येईल असं. एका पानात जे मावत नाही त्याची पहिल्या काही महिन्यांत गरज पडत नाही, असं मी धरून चालले आहे. तिघांच्या सरावावर पानातलं एकेक वाक्य घासून बघायचं. टिकेल ते राहील.

बरीच वर्षं शिकवताना एक गोष्ट सारखी दिसत आली आहे. नवीन माणूस ताकद कमी पडली म्हणून सोडत नाही. पहिल्या पंधरवड्यात झेपेल त्यापेक्षा जास्त केलेलं असतं, अंग आंबून जातं, मग एक दिवस चुकतो, मग आठवडा. म्हणून पानाचा पहिला मसुदा तीन ओळींचा: कमी वजनाने सुरू करा. प्रत्येक वेळी लिहून ठेवा. पुढच्या वेळी थोडंसंच वाढवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सूचनांचा आधार घेतला आहे. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, शिवाय १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल करावी. पासष्टीपुढच्यांसाठी तोल आणि ताकद यांचा सराव आठवड्यातून किमान तीन दिवस. म्हणजे मावशीला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त दिवस यायचं आहे. हे ऐकून तिला फार बरं वाटलं.

५ जानेवारी

सुरुवातीच्या चौकशीचा दिवस.

दादाला रक्तदाबाची गोळी सुरू आहे. त्याला म्हटलं, "दादा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बारला हात लावायचा नाही." तो लगेच जाऊन आला. रक्तदाब आटोक्यात आहे, व्यायामाला परवानगी आहे, श्वास रोखून जोर लावू नका एवढं त्यांनी बजावलं. मावशीच्या उजव्या गुडघ्याची झीज जुनी आहे. तिच्या डॉक्टरांनी मांडीचे स्नायू बळकट करायलाच सांगितलं आहे. भाचीला काही त्रास नाही.

पानावर एक चौकट आखली. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, मधुमेहाची औषधं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. आणि व्यायाम चालू असताना छातीत दुखलं, भोवळ आली, हातापायात मुंग्या येऊन बधिरपणा पसरला, तर तिथल्या तिथे थांबायचं. "अजून एक सेट करून बघतो" असं इथे चालत नाही. (सेट म्हणजे एकच हालचाल न थांबता ठरलेल्या वेळा करणं.)

७ जानेवारी

कोणते व्यायाम, यावर आज बराच वेळ गेला.

यंत्रांची रांग बघून नवीन माणूस गोंधळतो. प्रत्यक्षात शरीराच्या मोजक्याच हालचाली आहेत: बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि ओझं घेऊन चालणं. म्हणून दोन दिवसांचा आलटून पालटून चालणारा क्रम ठरवला. पहिल्या दिवशी स्क्वॉट (वजन घेऊन बसून उठणं), बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून वजन छातीवरून वर ढकलणं) किंवा उंच आधारावरचे पुश-अप, आणि रो (वजन पोटाकडे ओढणं). दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून ताठ उभं राहणं), ओव्हरहेड प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं) आणि पुलडाउन (वरची दांडी खाली ओढणं). शेवटी दोन्ही हातांत डंबेल घेऊन चालणं. आठवड्यातून तीन सत्रं, मध्ये एक दिवस सुट्टी. सत्रानंतर स्नायूंची डागडुजी साधारण एक ते दोन दिवस जोरात चालते. म्हणून प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोन-तीनदा काम मिळालं तर ते एकाच दिवशी रगडण्यापेक्षा चांगलं.

स्पर्धांमधले स्नॅच आणि क्लीन अँड जर्क, म्हणजे जमिनीवरून बार थेट डोक्यावर नेण्याचे दोन प्रकार, या पानावर नाहीत. ते मला अतिशय प्रिय आहेत, पण त्यांना शेजारी उभा राहून शिकवणारा माणूस लागतो. कागदावरून ते शिकू नयेत.

बारचं, म्हणजे ज्याला वजनं अडकवतात त्या लांब दांडीचं, वजन पानावर ठळक लिहिलं, कारण तेही एकूण वजनात मोजायचं असतं हेच अनेकांना माहीत नसतं. पुरुषांच्या स्पर्धेचा बार २० किलोचा, महिलांचा १५ किलोचा आणि जरा बारीक, २५ मिलिमीटर जाडीचा. लहान हातांना तो धरायला सोपा जातो. जिममधले सगळे बार या मापाचे असतातच असं नाही, म्हणून एकदा वजनकाट्यावर ठेवून बघावा.

८ जानेवारी

पहिलं सत्र.

दादाला ८ किलोचं डंबेल छातीशी धरून स्क्वॉट दिले, तीन सेट, प्रत्येकी आठ रेप्स (एक रेप म्हणजे एकदा पूर्ण केलेली हालचाल). झाल्यावर म्हणाला, "एवढंच? मला अजून दुप्पट झालं असतं." मी म्हटलं, तेच हवं आहे. पहिल्या आठवड्यात सेट संपल्यावर अजून चार-पाच रेप्स निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. पुढे दोन-तीन. शून्यावर जायची नवशिक्याला गरज नाही.

यामागचं कारण तिघांनाही समजावून सांगितलं. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण तेवढ्यात स्नायू फारसे जाड झालेले नसतात. मज्जासंस्था शिकत असते: कोणते स्नायू किती जोराने, कोणत्या क्रमाने आखडायचे. आणि हे शिकणं नीट केलेल्या, न थकलेल्या रेप्समधून होतं. थरथरत, कंबर वाकवून काढलेली शेवटची रेप शरीराला थरथरायलाच शिकवते.

वॉर्मअप साधा ठेवला: पाच मिनिटं भरभर चालणं, मग त्याच व्यायामाचे एक-दोन हलके सेट. सेटच्या अगदी आधी एकाच जागी ताण देऊन मिनिट मिनिट थांबण्याचं स्ट्रेचिंग काढून टाकलं. त्याने थोडा वेळ जोर कमी लागतो. आवडत असेल तर सत्रानंतर करावं.

१० जानेवारी

सगळ्यांचं अंग दुखतंय. भाचीचा सकाळीच फोन, "आत्या, जिना उतरता येत नाहीये!"

हे दुखणं सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतं. लॅक्टिक ॲसिड साठल्याने दुखतं ही समजूत अजून ऐकू येते, पण व्यायामात वाढलेलं लॅक्टेट (त्या ॲसिडचं शरीरातलं रूप) तासा-दीड तासात रक्तातून निघून जातं. दोन दिवसांनंतरच्या दुखण्याचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. सवय नसताना स्नायू ताणला जात असतानाच त्याने भार पेलला, की त्यात सूक्ष्म इजा होते आणि मग सूज येते. खाली बसताना, वजन सावकाश उतरवताना हेच घडतं. हलकं चालणं आणि नेहमीच्या हालचाली चालू ठेवल्या की ते ओसरतं, आणि पुढच्या वेळी त्याच कामाने इतकं दुखत नाही.

दुखलं म्हणजे व्यायाम चांगला झाला, असं मात्र नाही. हे वाक्य पानावर घेतलं.

त्याखाली एक गंभीर सूचना लाल शाईत. दुखणं असह्य असेल, स्नायू टणक सुजला असेल आणि लघवी गडद तपकिरी होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. स्नायूंची मोठी मोडतोड झाली की त्यातले घटक मूत्रपिंडावर भार टाकतात. असं क्वचितच होतं, आणि झालं तर बहुतेकदा नवख्या माणसाने पहिल्याच दिवशी शेकड्यांनी बैठका मारलेल्या असतात किंवा मोठ्या सुट्टीनंतर एकदम जुनं वजन उचललेलं असतं.

१४ जानेवारी

मावशीचा स्क्वॉट.

तिला बैठक म्हणताच ती घाबरते, म्हणून खुर्ची घेतली. खुर्चीवर जाड गादी ठेवून उंची वाढवली. हात छातीवर, पावलं खांद्याइतकी रुंद, पंजे किंचित बाहेर. आधी कुल्ले मागे, मग सावकाश टेकायचं, आणि उठताना पूर्ण पाऊल जमिनीवर दाबायचं. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच वळायला हवेत, आत कोसळता कामा नयेत. "गुडघा बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका" ही सरसकट ताकीद मी देत नाही. जिना उतरताना गुडघा पुढे जातोच. मावशीला दुखत नाही तेवढ्या उंचीपासून सुरू करायचं आणि गादीची जाडी हळूहळू कमी करायची. तिच्यासाठी वाढत्या वजनाच्या जागी ही कमी होत जाणारी उंची.

तिने विचारलं, "अगं, या वयात स्नायू वाढतात का?"

तिला १९९० साली बॉस्टनमध्ये झालेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या माणसांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनी व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीनपट झाली. मांडीच्या मधल्या भागातला स्नायूही मोजता येण्याइतका वाढला. माणसं मोजकी होती, पण त्या वयात हे होऊ शकतं हे त्यातून स्पष्ट दिसलं. मावशीने आणखी एक सेट मागितला. दिला नाही. शुक्रवारी देणार आहे.

२० जानेवारी

श्वास. दादासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

जड वजन उचलताना माणूस आपोआप श्वास कोंडतो. त्याने पोटातला दाब वाढतो आणि कणा घट्ट राहतो, म्हणून अनुभवी लिफ्टर ते मुद्दाम करतात. पण त्याच वेळी रक्तदाबही खूप वर जातो, आणि सेटच्या शेवटच्या, कष्टाने निघणाऱ्या रेप्समध्ये तो सर्वात चढलेला असतो. त्यामुळे दादासाठी दोन नियम ठरले: वर येताना तोंडाने श्वास सोडत यायचं, आणि तीन रेप्स शिल्लक असतानाच सेट संपवायचा. दुसऱ्या नियमाने पहिला पाळणं सोपं जातं. तीन शिल्लक असताना श्वास कोंडायची वेळ सहसा येत नाही.

पोट घट्ट करणं वेगळं. कोणी गमतीने पोटात बुक्का मारणार आहे असं वाटलं की आपण जसं पोट आवळतो, तसं आवळायचं आणि बोलता येईल इतका श्वास चालू ठेवायचा. भाचीला हे एका झटक्यात जमलं. दादाला बोलत बोलत उचलायला लावलं, मग जमलं.

२३ जानेवारी

भाची आज पहिल्यांदा डेडलिफ्टला. हलक्या प्लेट्स (बारच्या टोकांना अडकवायच्या वजनाच्या चकत्या) लावल्या की बार फार खाली येतो, याकडे जिममध्ये कोणी लक्ष देत नाही. पूर्ण मापाच्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो. ती लावली की बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो, आणि सारं तंत्र त्या उंचीवर बसवलेलं आहे. पाच-पाच किलोच्या छोट्या प्लेट्स लावून नवशिका वाकला की त्याला आणखी खाली जावं लागतं आणि पाठ गोल होते. दोष त्याला दिला जातो. बाजूला दोन ठोकळे ठेवून बार उचलून घेतला. पाठ लगेच सरळ.

बार पावलाच्या बरोबर मध्यावर, नडगीच्या अगदी जवळ. हात सरळ. जमिनीला पायांनी ढकलायचं, बार पायांना घासत वर आला पाहिजे. वर पोचल्यावर मागे झुकायचं नाही, फक्त ताठ उभं राहायचं.

२८ जानेवारी

वजन वाढवण्याचा नियम.

हळूहळू भार वाढवण्याची पद्धत वैद्यकात रुजवणाऱ्यांमध्ये थॉमस डिलॉर्म यांचं नाव मोठं आहे. ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करात डॉक्टर होते. गुडघ्याला इजा झालेल्या सैनिकांना तेव्हा हलक्या वजनाने, पुष्कळ वेळा हालचाल करायला लावत. डिलॉर्म यांनी उलट केलं: वजन जड, रेप्स कमी, आणि ताकद वाढेल तसा भार वाढता. १९४५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यांच्याबद्दल मला विशेष आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. सुरुवातीला ते एका व्यायामाचे सात ते दहा सेट करून घेत. काही वर्षांत त्यांनी सहकारी वॉटकिन्स यांच्यासह ते कमी करून तीनवर आणले, कारण तेवढ्याने काम होत होतं. आज जिमच्या फळ्यावर दिसणारे "तीन सेट, दहा रेप्स" त्यांच्या दवाखान्यातून आलेले आहेत.

आमचा नियम असा. बारच्या व्यायामात तिन्ही सेट नीट पूर्ण झाले, तर पुढच्या वेळी एकूण अडीच किलो वाढवायचे, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट. डेडलिफ्टला सुरुवातीला पाचही चालतात. डंबेलचं गणित वेगळं: पाचवरून साडेसातवर जाणं म्हणजे एकदम पन्नास टक्के उडी. तिथे आधी रेप्स वाढवायच्या. आठवरून बारापर्यंत पोचलं की मग पुढचं डंबेल घेऊन पुन्हा आठवर यायचं.

मोठ्या व्यायामांत दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. घाम निथळावा म्हणून अर्ध्या मिनिटात पुन्हा बार धरणाऱ्यांना कमी वजन उचलावं लागतं, आणि वाढायची असते ती ताकद.

प्रत्येकाला वही दिली. तारीख, व्यायाम, वजन, सेट, रेप्स, आणि किती रेप्स शिल्लक वाटल्या. हा शेवटचा रकाना सर्वात मोलाचा.

५ फेब्रुवारी

आहार. या विषयावर माणसं भांडतात, म्हणून पानावर आकडे जेवढे खात्रीचे तेवढेच.

बैठं काम करणाऱ्या प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं किमान धरतात. वजनी व्यायाम करणाऱ्यांसाठी १.६ ग्रॅमच्या आसपास पोचलं की स्नायूंसाठी होणारा बहुतेक फायदा पदरात पडतो. भाचीचं वजन ५४ किलो, म्हणजे दिवसाला सुमारे ८५ ग्रॅम. दादाचं ८४ आहे, पण त्यात चरबी बरीच, म्हणून ७४ किलोचं लक्ष्य धरून ११८ ग्रॅम काढले. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हा आकडा डॉक्टरांशिवाय वापरायचा नाही, हे चौकटीत.

आकडा समजायला जेवणात उतरवावा लागतो. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, घट्ट शिजवलेल्या डाळीच्या १०० ग्रॅममध्ये ७-९, शिजवलेल्या चिकनच्या १०० ग्रॅममध्ये ३० च्या आसपास. तिघांनी तीन दिवस खाल्लेलं लिहून काढलं तेव्हा तिघांच्याही बाबतीत एकच चित्र होतं: रात्री प्रथिनं ठीक, सकाळी जवळजवळ नाहीत. म्हणून पानावरची सूचना अगदी छोटी आहे. सकाळच्या खाण्यात प्रथिनांचा एक ठोस पदार्थ असू द्या. ताटातला अर्धा भाग भाज्या-फळांचा. गोड पेयांच्या जागी पाणी. तेवढं सहा आठवडे जमलं की पुढचं बोलू.

दादाला वजन उतरवायचं आहे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. रोज ५०० कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरावं. त्याहून घाई केली तर भुकेने रात्री सगळं भरून निघतं, आणि वजन उचलायला अंगात त्राण राहत नाही.

९ फेब्रुवारी

भाचीने पूरक पदार्थांची लांब यादी पाठवली. उत्तर लहान: प्रथिनांची पावडर हे सोयीचं अन्न आहे, जेवणातून भागत असेल तर नको. क्रिएटिन मोनोहायड्रेट (स्नायूंना जोराच्या कामात मदत करणारी पावडर), रोज ३ ते ५ ग्रॅम, यामागे भरपूर अभ्यास आहेत. निरोगी माणसाला चालतं, पण नवशिक्याला पहिल्या दिवसापासून त्याची गरज नाही. बाकी यादी खोडली.

१६ फेब्रुवारी

भाची गेल्या आठवड्यापासून वजन वाढवायला कचरते. शेवटी बोलली: "आत्या, मी पुरुषांसारखी दिसायला लागेन का?"

हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. तो मनात असतो म्हणून कित्येक मुली वर्षानुवर्षं दोन किलोच्या डंबेलपुढे जात नाहीत. तिला सांगितलं की प्रौढ स्त्रीच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं संप्रेरक, पुरुषाच्या तुलनेत दहा-पंधरा पटींनी कमी असतं. मोठे स्नायू कमावणाऱ्या स्त्रिया त्यासाठी अनेक वर्षं ठरवून खातात आणि कसून मेहनत घेतात. नकळत कोणी तशी होत नाही. आणि समजा कुठे जास्त भरल्यासारखं वाटलं, तर तिथलं काम कमी करता येतं. निर्णय तिच्याच हातात राहतो. तिला जे मिळणार आहे ते वेगळं: हाडांवर भार पडला की ती घट्ट होतात, आणि तिशीच्या आत कमावलेलं हाड म्हातारपणी उपयोगी पडतं.

बोलून झाल्यावर तिने त्या दिवशीच्या स्क्वॉटला आपणहून प्लेट वाढवली. मला फार आनंद झाला.

दादाचं उलट. त्याला पोटाची चरबी घालवायची म्हणून तो गुपचूप रोज पोटाचे व्यायाम करतो. ज्या भागाचा व्यायाम कराल तिथलीच चरबी जाते असं होत नाही. ती सगळ्या शरीरातून, शरीराच्या क्रमाने जाते. पोटाचे व्यायाम करू दे, कण्याला बरे, पण अपेक्षा कमरेच्या टेपकडून नको. वजनकाट्याबद्दलही त्याला समजावलं: पाणी, मीठ, पोटातलं अन्न यांनी एका दिवसात एक-दोन किलो सहज इकडेतिकडे होतं. रोज बघायचं तर आठवड्याची सरासरी काढायची.

२४ फेब्रुवारी

झोप आणि चालणं.

प्रौढांनी रात्री किमान सात तास झोपावं. दादाची झोप साडेपाच तास, आणि वहीत स्पष्ट दिसतं: कमी झोपेच्या दुसऱ्या दिवशी त्याच वजनाला "शिल्लक रेप्स" दोनने घटतात. मी काही म्हणायच्या आत त्याने स्वतःच ते दाखवलं. वही ठेवण्याचा हा सर्वात मोठा फायदा, माणूस स्वतःच्या आकड्यांचं ऐकतो. दुपारनंतर कॉफी बंद केली आहे. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण अर्ध्यावर यायलाच पाच-सहा तास लागतात.

चालण्याच्या बाबतीत तिघांनाही दहा हजार पावलांचं दडपण होतं. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच "दहा हजार पावलं" होतं, आणि त्या नावाबरोबर हा आकडा पसरला. आत्ता जेवढं चालता त्यात हजार-दोन हजार पावलं वाढवा, एवढंच लिहिलं.

४ मार्च

दादाला ताप. सत्रं बंद.

पानावर नवीन परिच्छेद: ताप असताना व्यायाम नाही. आठवडा चुकला तर परतल्यावर शेवटचंच वजन पुन्हा, वाढ नको. दोन-तीन आठवडे चुकले तर दहा ते वीस टक्के कमी करून सुरुवात. ताकद दोन-तीन आठवड्यांत फारशी जात नाही, आणि गेलेली पहिल्यापेक्षा लवकर परत येते. चुकलेली सत्रं भरून काढण्यासाठी एका दिवसात दोन करायची नाहीत.

१५ मार्च

भाचीचा ओव्हरहेड प्रेस २० किलोवर अडला. सलग दोन सत्रांत तिसरा सेट अपुरा. हा व्यायाम सगळ्यांत आधी अडतो, कारण खांद्याचे स्नायू लहान आणि २० वरून साडेबावीस म्हणजे साडेबारा टक्के वाढ. अर्ध्या किलोच्या प्लेट्स मिळवल्या. नियम असा घातला: सलग दोनदा अडलं तर दहा टक्के उतरायचं आणि पुन्हा चढत यायचं. अडलं की लोक व्यायाम बदलतात, नवीन आराखडा शोधतात. बहुतेक वेळा आधी बघायच्या गोष्टी तीनच असतात: झोप, जेवण, आणि दोन सेटमधली विश्रांती.

सुरक्षेच्या दोन ओळी आजच घातल्या, कारण शेजारच्या बेंचवर एकजण अंगठा बारखाली न घेता एकटाच प्रेस करत होता. अंगठा बारभोवती गुंडाळायचाच. बेंच प्रेस एकट्याने करायचा तर रॅकच्या (बार टेकवायच्या चौकटीच्या) आडव्या दांड्या छातीच्या किंचित खाली लावून.

३० एप्रिल

पान छापायला देण्याजोगं झालं आहे. सुरुवातीच्या तीन ओळी जशाच्या तशा राहिल्या. बाकी सगळं त्यांच्याखाली.

सध्याची स्थिती: भाची ४५ किलोचा स्क्वॉट आणि ६० किलोची डेडलिफ्ट, दोन्ही पाच-पाचच्या तीन सेटमध्ये, दोन रेप्स शिल्लक ठेवून. तिच्यासाठी आता प्रत्येक सत्राला वाढ संपली. यापुढे आठवड्याला एकदा. दादाचा स्क्वॉट ५० वर, कमरेचा टेप पाच सेंटिमीटरने आत, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे रक्तदाबाची तपासणी. गोळीचा डोस त्यांनी ठरवायचा, दादाने नाही. हे वाक्य पानावरही आहे.

मावशीच्या खुर्चीवरची गादी निघाली. ६ किलोचं डंबेल छातीशी धरून ती साध्या खुर्चीवरून दहा वेळा उठते. आता जमिनीवर बसून उठण्याचा सराव घ्यायचा आहे. सध्या तिला एका हाताने स्टुलाचा आधार लागतो. पुढच्या सत्रापासून त्यापेक्षा कमी उंचीचं स्टूल, तीन सेट, प्रत्येकी चार.